पुरे

टॅक्सी पुलाच्या चढावर दोन आचके देऊन थांबली, आणि बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ वर आली. दलेंदा मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. शुक्रवारची दुपार, दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचा तळ अजून लांब, आणि मागच्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केलेली. टॅक्सीवाला खाली उतरला. त्यानं बॉनेट उघडलं, हातानं वाफ बाजूला सारली, रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवलं, आणि वाटेतल्या दुकानातून नुकतीच घेतलेली पाण्याची बाटली उचलली. बाटलीवर गारव्याचे थेंब साचले होते. काचेतून ती हे सगळं बघत होती. मग ती गाडीतून कधी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती रस्त्यावर उभी होती, हात पुढे केलेला, आणि तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो ‘थांबा’ नव्हता, ‘नको’ही नव्हता. ती म्हणाली होती, “पुरे.”

टॅक्सीवाल्यानं बाटली होती तिथंच धरली आणि तिच्याकडे बघितलं. “ताई, अजून एक थेंब पडला नाही, आणि पुरे?” मग त्याला हसू आलं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण त्यानं बाटली तोंडाला लावली, दोन घोट घेतले आणि कठड्याच्या सावलीत जाऊन बसला. “बरं. तुम्ही म्हणता तर पुरे. निवू दे आधी.”

ती परत गाडीत येऊन बसली, दार उघडं ठेवून. तो वास आता आतपर्यंत आला होता. गंजलेल्या पाण्याचा, तापलेल्या रबराचा, थोडासा गोडसर, जणू कुणी चुलीवर साखर करपवली आहे. या वासापासून आपण ट्यूनिसमध्ये तरी सुटलो असं तिला वाटत होतं. वर्ग सुरू झाले होते, नव्या मुलांची नावं अजून तोंडात बसायची होती, आणि दिवसातून कितीतरी वेळा ती हाच शब्द म्हणत होती. बाक वाजवणाऱ्याला पुरे, पेन्सिलीला टोक करत बसणाऱ्याला पुरे. पण तो शब्द वेगळा होता, वर्गातला, हसत म्हटलेला. आत्ता तोंडून पडलेला शब्द तिचा नव्हताच. तो बाबांचा होता, आणि बाबांनी तो टाकून दिल्याला आता दोन महिने होत आले होते.

मागच्या शरद ऋतूत तिच्या बाबांनी, गाव ज्यांना मानानं ‘सी’ लावून सी खमैस म्हणतं त्यांनी, कोरड्या ओढ्यापलीकडच्या उतारावर ऑलिव्हची नवी रोपं लावली. त्या वयात. महबूबा आत्या, बाबांची धाकटी विधवा बहीण, घरात तेवढीच त्यांच्या सोबतीला होती. ती म्हणाली होती, “याचं तेल खायला तू राहणार आहेस का रे?” आणि बाबा खड्डा खणता खणता म्हणाले होते, “ज्याला भूक लागेल तो खाईल. तुझी भाकरी कुठं कमी पडणार आहे?” हे आत्यानं फोनवर सांगितलं होतं, हसत. मग हिवाळ्यात एका सकाळी अंगण ओलांडताना बाबा पडले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि शब्द गेले. सगळे गेले, एक सोडून. बाबा शुद्धीवर आले आणि आजूबाजूला जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाले, पुरे. पाणी हवं असलं तरी पुरे, उशी सरकवायची असली तरी पुरे, माशी हाकलायची असली तरी पुरे. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं की कधीकधी असा एखादाच शब्द मागं राहतो, का तो कुणाला ठाऊक नाही, त्यात अर्थ शोधू नका. दार उघडताना बिजागरी वाजते ना, तसं समजा. घरानं तसं समजायचं ठरवलं. माणूस कशालाही सरावतो. शेजारीण गोड काही घेऊन आली आणि ताटली पुढे करायच्या आत बाबा पुरे म्हणाले की आत्या म्हणायची, “अरे, आधी घे तरी.” दलेंदाचा भाऊ पालेर्मोहून फोन करायचा, कसे आहात बाबा विचारायचा, आणि पुरे ऐकून आधी हसायचा, मग घाईघाईनं फोन ठेवायचा. आत्या म्हणायची, “दिवसातून शंभरदा पुरे म्हणतो, आणि पुरं काहीच पडत नाही.”

दलेंदा मात्र शिक्षिका होती. न बोलणारी मुलं तिनं पाहिली होती. तिला ठाऊक होतं की अशा मुलाच्या तोंडात शब्द कोंबायचा नसतो; आपण गप्प बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, आणि मुलाला वाटेल तेव्हा शब्द बाहेर येईल एवढी जागा त्याच्यासमोर मोकळी ठेवायची. वसंतातल्या सुट्टीत ती शाळेतली चित्रांची पानं घेऊन घरी गेली होती. शेळी. किल्ली. चंद्र. भाकरी. बाबा अंगणातल्या भिंतीला टेकून बसायचे, डाव्या हातानं पान धरायचे, नीट बघायचे आणि म्हणायचे, पुरे. ती चिडली नाही. एकदाही नाही. पाण्याच्या नळाचं चित्र आलं तेव्हा बाबांनी ते पान सोडलंच नाही. बराच वेळ धरून ठेवलं, आणि अगदी हळू, जणू कानात सांगावं तसं म्हणाले, पुरे. “नळ, बाबा,” ती म्हणाली. “नळ.” बाबांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं. ती नजर तिला ओळखीची वाटली होती, पण कुठली ते आठवेना. ती तिची स्वतःचीच नजर होती. उत्तर अगदी जवळ येऊन चुकलेल्या मुलाकडे ती अशीच बघायची. हे तिला आत्ता, या गरम सीटवर बसून कळत होतं.

कारण लहानपणी नळ तिच्याच हातात असायचा. ट्रॅक्टरच्या मागं पाण्याची टाकी, टाकीला जाड नळी, नळीच्या टोकाला पितळी नळ, आणि ती तो दोन्ही हातांनी धरून झाडामागून झाड चालायची. बाबा आळ्याशी उभे राहायचे. नळ उघडला की ते काही बोलायचे नाहीत. पाणी मातीत शिरायचं, मातीचा रंग बदलायचा, बुडबुडे यायचे, आणि मग बाबा म्हणायचे, पुरे. कधी लगेच, कधी फार उशिरा. तिला वाटायचं आपणही ओळखावं, म्हणून ती मनात आकडे मोजायची, पण बाबांचं पुरे कधीच तिच्या आकड्यावर यायचं नाही. एकदा तिनं विचारलं होतं, तुम्हाला कसं कळतं? बाबा म्हणाले होते, “झाड सांगतं. मी नुसतं मोठ्यानं म्हणतो.”

टॅक्सीवाल्यानं उठून इंजिनाच्या अंगावर दोन बोटं टेकवली आणि झटकन मागं घेतली. “अजून ताप आहे हिला,” तो म्हणाला आणि परत सावलीत बसला. तापच म्हणतात सगळे. गावाकडं तर त्याहून पुढे जाऊन म्हणतात, ट्रॅक्टर तहानला. आणि तहानलेल्याला विचारायचं नसतं, पाणी द्यायचं असतं. आई हे शिकवून गेली होती. दाराशी मातीचा रांजण, त्यावर पेला, आणि येणाऱ्याला ‘पाणी हवं का’ असं कुणी विचारलं तर आई त्याला रागवायची. विचारणं म्हणजे न देण्याची सवड ठेवणं, असं ती म्हणायची. बाबांनी दुसरी गोष्ट शिकवली होती. धावून आलेल्या घोड्याला लगेच पाणी दाखवायचं नाही; आधी फिरवायचं, अंगावरचा घाम वाळू द्यायचा. इंजिनाचं तेच. लहानपणी या दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि कधी भांडल्या नव्हत्या.

जुलैत शाळा बंद झाल्यावर ती घरी पोचली तेव्हा रोपांची पानं कडेनं वळायला लागली होती. ट्रॅक्टर चालवणारा माणूस किनाऱ्यावरच्या हॉटेलात कामाला निघून गेला होता. बाकीच्यांचे ट्रॅक्टर त्यांच्या त्यांच्या टाक्या ओढत होते. असल्या दिवसांत कुणाकडे मागणंही बरं नव्हे. नव्या ऑलिव्हचा पहिला उन्हाळा निभावला तर झाड पुढे माणसापेक्षा जास्त जगतं, आणि नाही निभावला तर हिवाळ्यात नुसत्या काटक्या उपटायच्या. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा रोज सकाळी उठून दाराकडे बोट करायचे. मग आत्या आणि ती मिळून त्यांना उतारावरच्या जुन्या ऑलिव्हखाली खुर्चीत नेऊन बसवायच्या. तिथून सगळी रोपं दिसायची. बाबा त्यांच्याकडे बघत बसायचे आणि डाव्या हातानं गुडघा चोळायचे.

ट्रॅक्टर तिला चालवता येत होता, बाबांनीच शिकवला होता. पण भरलेली टाकी घेऊन ओढ्यातून वर चढताना इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्यात जायचा. पहिल्या दिवशी ती चढावर थांबली, इंजिन बंद केलं, आणि दगडावर बसून सावली हातभर सरकेपर्यंत वाट पाहिली. मगच झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी टाकी घरीच ठेवून ती दुरुस्तीला लागली. रेडिएटरच्या जाळीत गव्हाचा भुसा, नाकतोडे आणि धूळ यांचा असा थर बसला होता की पलीकडचा उजेड दिसत नव्हता. तिनं ब्रशनं, तारेनं, मग आतल्या बाजूनं पाणी मारून फट न् फट मोकळी केली. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर फारच आत जात होता. बोल्ट सैल करून, डायनॅमो पहारीनं मागं रेटून तिनं तो ताणला. खालचा बूच काढल्यावर चहासारखं तांबडं पाणी वाहिलं, ते स्वच्छ येईपर्यंत तिनं पुन्हा पुन्हा भरलं आणि सोडलं. बाबा अंगणातून बघत होते. ती प्रत्येक वस्तू त्यांना दाखवत होती, मुलाला दाखवावी तशी. हा पट्टा, बाबा, हा पंखा, हा बूच. पुरे, पुरे, पुरे, बाबा म्हणत होते. कधी डोळे मोठे करून, कधी मान हलवून. ती हसून म्हणत होती, हो, हो. त्यातलं एखादं पुरे खरंच पट्ट्याला असेल, आता पुरे, याहून ताणू नकोस असं, हे तिच्या मनात आलंही होतं. पण बिजागरी वाजते तसं समजा, असं डॉक्टरनं सांगितलं होतं, आणि तिच्या हातांना काळं ऑइल लागलेलं होतं, आणि ती खूश होती. खरंच खूश होती. पुढचे काही दिवस ट्रॅक्टर कण्हत का होईना वर चढला. तांबड्याच्या अलीकडे काटा थरथरत उभा राहायचा. रोपांच्या खालच्या ओळींना पाणी मिळालं, आणि आत्यानं भाजलेल्या धान्याचं पीठ तेलात कालवून तिच्या हातावर गोळा ठेवला आणि म्हणाली की पोरगी शाळेत वाया गेली.

मग शहीली सुटला. वाळवंटाकडून येणारा तो वारा अंगावर आला की वाटतं, कुणी भट्टीचं दार उघडं ठेवलं आहे. तिसऱ्या दिवशी वरच्या ओळींची पानं हातात घेतली तर कागदासारखी वाजत होती. त्यांना त्या दिवशीच पाणी मिळायला हवं होतं, उद्या नाही. तिनं टाकी काठोकाठ भरली. खोल विहिरीचं पाणी, दात शिवशिवतील असं. बाबा खुर्चीत होते, डोक्यावरून ओला पंचा घेतलेला. चढाच्या मध्यावर, बाबांपासून हाकेच्या अंतरावर, काटा तांबड्यात गेला आणि तिथंच पडून राहिला. तिनं इंजिन बंद केलं. वाफेचा लोट उठला, झाकणाखालून फुसफुसत राहिला, वाऱ्यानं तो आडवा नेला. ती बाजूला उभी राहून बघत होती. वाफ कमी झाली. मग धागा उरला. मग थांबली. वाफ थांबली म्हणजे निवलं, असं तिनं मनाशी म्हटलं, मुलांना फळ्यावर समजावून सांगावं तसं, पहिल्या वाक्यातून दुसरं. पाणी संपलं म्हणून वाफ थांबली, हे दुसरं उत्तरही त्याच प्रश्नाचं होतं, आणि ते तिला सुचलं नाही. वारा कानात घोंघावत होता. वरची रोपं वाऱ्यानं एका बाजूला कलली होती, वर्गातली सगळी मुलं एकदम खिडकीकडे वळावीत तशी. तिनं रुमालानं झाकण काढलं, टाकीच्या नळाखाली बादली भरली आणि उचलली.

“पुरे,” बाबा म्हणाले.

ती ओतायला लागली. “पुरे,” बाबा म्हणाले, मोठ्यानं. “हो बाबा,” ती न वळता म्हणाली. आत पाणी पडल्याचा आवाज तापलेल्या तव्यासारखा येत होता, तरीही तिचे हात बादली वाकवतच होते. “पुरे. पुरे.” आता तो आवाज खुर्चीतून येत नव्हता, थोडा वरून येत होता; बाबा उठून उभे राहिले असणार, एका पायावर, खुर्चीचा हात धरून. तिला ते जाणवलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, लाडीगोडीनं, वर्गातल्या आवाजात, “हो, हो, बाबा, पुरे, झालंच.” आणि त्याच वेळी इंजिनाच्या आत कुठंतरी टक्क असा आवाज झाला. फार मोठा नाही. दातांखाली खडीसाखरेचा खडा फुटावा एवढाच.

संध्याकाळच्या आधी सी तिजानी आला. गावातल्या सगळ्यांची यंत्रं तोच बघायचा. बाबांचा जुना मित्र, बोलायला तिखट, हाताला हलका. त्यानं ऑइलची पट्टी ओढून काढली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. ऑइल दुधाळ तपकिरी झालं होतं. “मास्तरीणबाई, ट्रॅक्टरला कॉफी पाजलीत,” तो म्हणाला. मग त्यानं गुडघ्यावर बसून लोखंडावरून नख फिरवलं आणि एके जागी थांबवलं. केसाएवढी भेग होती, आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. इंजिनाचं अंगच तडकलं होतं. तिनं विचारलं, सांधता येईल का? तो म्हणाला, बिडाचं आहे पोरी, बीड रुसलं की रुसलं. मग तिला वाईट वाटू नये म्हणून असेल, तो म्हणाला की म्हातारं इंजिन होतं, आज ना उद्या जायचंच. आणि उठता उठता, हात पुसता पुसता, सहज त्यानं विचारलं, “पण सी खमैस इथंच बसला होता ना? त्यानं नाही अडवलं तुला?”

बाबा पुन्हा खुर्चीत बसले होते. पंचा खांद्यावर घसरला होता. ते तिच्याकडे बघत होते. वारा थोडा पडला होता, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

“बाबांना कुठं बोलता येतं,” ती म्हणाली. “काही म्हणाले नाहीत ते.”

टॅक्सीच्या उघड्या दाराशी वाळलेलं पान आलं, भिंगरीसारखं फिरलं आणि पुढं गेलं. तिला पुन्हा पुन्हा तेच वाटत होतं, त्या वाक्याची गरजच नव्हती. तिजानी रागावणार नव्हता. ती म्हणू शकली असती, म्हणाले हो, मी ऐकलं नाही. एवढं छोटं वाक्य, तिच्या वर्गातली मुलं रोज म्हणतात, आणि ती त्यांना शाबासकी देते. आणि हा कठड्याच्या सावलीत बसलेला अनोळखी माणूस, ज्याला तिच्या पुरेचा अर्थ कळला नव्हता, उलट हसू आलं होतं, तो हात आखडून थांबला होता. अर्थ न कळताही थांबता येतं. तो आता उठला होता, बोटं टेकवून पाहत होता. ती तळावर पोचेल, रात्रीच्या आत घरी पोचेल, आत्या दार उघडेल आणि नेहमीप्रमाणे मान हलवेल, की नाही, त्या दिवसापासून तो शब्द अजून नाही. पाणी हवं असलं तर बाबा आता पेल्याकडे बोट करतात. उशी सरकवायची असली तर वाट बघतात. आत्या म्हणते की घर फार शांत झालं आहे. ती म्हणते, चिडवायला तरी एक शब्द होता. पिशवीत चित्रांची पानं आहेत. ती कशासाठी नेते आहे हे दलेंदाला सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी तिजानी गेल्यावर ती टाकीपाशी परत आली. टाकी भरलेली होती आणि तिथंच, चढाच्या मध्यावर, अडकलेली होती. वरच्या ओळी फार वर होत्या, पण बाबांच्या खुर्चीजवळ एक ओळ होती, तिथवर बादली नेता येत होती. तिनं बादली भरली, दोन्ही हातांनी उचलून चढली आणि पहिल्या रोपाच्या आळ्याशी थांबली. बाबांचे पाय तिला दिसत होते, धुळीनं भरलेले, एक चपलेत आणि एक चपलेबाहेर. तिनं बादली हळूहळू कलती केली. माती काळी झाली, बुडबुडे आले. तिनं हात तसाच धरला आणि कान दिले. पाणी आळ्याच्या काठाशी आलं. ती मोजत नव्हती, या वेळी ती मुळीच मोजत नव्हती, तिला फक्त ऐकायचं होतं, कधीही, लगेच, उशिरा. पाणी काठावरून वाहिलं, उतरणीला लागलं, तिच्या चपलांखालून, खुर्चीच्या पायांमधून, बाबांच्या उघड्या पावलाला वळसा घालून खाली गेलं. बाबा रोपाकडे बघत होते. ती ओतत राहिली.